खानदेशातील पुरातत्त्वीय पुरावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठची टेकाडे, शेतातली खापरे, देवळांतले शिलालेख यांविषयी शाळांमधून, ग्रामपंचायतींमधून आणि कधी कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला जे प्रश्न विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे शक्यतो धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील आहेत. शेजारच्या जिल्ह्यातले उदाहरण अधिक बोलके असेल तेथे ते घेतले आहे.

पुरातत्त्वीय पुरावा म्हणजे नेमके काय?

माणसाने घडवलेली, वापरलेली किंवा टाकून दिलेली वस्तू, आणि ती वस्तू जेथे पडून होती ती जागा, या दोन्ही गोष्टी मिळून पुरावा होतो. यातला दुसरा भाग लोक विसरतात. चुलीच्या राखेत सापडलेला जळका दाणा त्या घरात काय शिजत होते हे सांगतो, पण तोच दाणा काचेच्या बाटलीत घालून कोणी आणून दिला आणि कोठून आणला हे सांगितले नाही, तर तो फक्त एक जळका दाणा उरतो. खाली अनेक उत्तरांत हाच मुद्दा फिरून फिरून येईल, कारण बहुतेक वाद आणि बहुतेक गैरसमज वस्तूबद्दलचे नसून तिच्या जागेबद्दलचे असतात.

खानदेशात शास्त्रशुद्ध उत्खनन झाले आहे का?

झाले आहे, आणि त्यातले काही महाराष्ट्राच्या पुरातत्त्वात पायाभूत मानले जाते. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये उत्खनन केले. नदीपलीकडे टेकवाडे येथे त्याच काळाच्या आसपासची दफने मिळाली. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे, ज्याला आपण दक्षिण काशी म्हणतो, तेथे बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये काम केले आणि वस्तीचे चार कालखंड वेगळे केले. तापीकाठच्या सावळदे गावावरून तर एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या, संस्कृतीला ‘सावळदा संस्कृती’ असे नाव मिळाले. साक्री तालुक्यातील कावठे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८०च्या दशकात जे उत्खनन केले, त्यात ही संस्कृती अन्य कोणत्याही वस्तीची सरमिसळ न होता पाहायला मिळाली. पाटणादेवीजवळच्या पाटणे येथे शं. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये अश्मयुगाचे थर उकलले. याच साळींनी तापीच्या खोऱ्यात गावोगाव फिरून जुन्या वस्त्यांची नोंद केली. खानदेशच्या प्रागितिहासाविषयी आज जे काही खात्रीने बोलता येते, त्याचा मोठा वाटा या पायपिटीतून आला आहे.

कोठे खणायचे हे कसे ठरते?

याचे अर्धे उत्तर आपल्या भाषेतच आहे. जुन्या दप्तरांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात, काळी आणि पांढरी: काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे चुलींची राख, शेण, पडक्या भिंतींची माती, हाडे आणि कचरा एकाच जागी साचत गेला की ती माती करडी, भुसभुशीत आणि फिकट होते, आणि भोवतालच्या काळ्या जमिनीत ती लांबूनही वेगळी दिसते. वस्ती उठून गेली तरी तो उंचवटा ‘पांढर’ या नावाने ओळखला जात राहतो. पुरातत्त्वज्ञ खेड्यात गेल्यावर पहिला प्रश्न ‘तुमच्याकडे पांढर कोठे आहे?’ असाच विचारतात आणि म्हाताऱ्या माणसाने काठीने दाखवलेली दिशा बहुधा बरोबर निघते.

पण हीच पांढर आपण स्वतःच्या हातांनी संपवली आहे. माझ्या आजीचे घर तापीकाठच्या एका गावात होते, धाब्याचे. आखाजी झाली की पावसाच्या आधी गाडीने पांढरीवरची खारी माती आणायची आणि धाब्यावर पसरायची, हा दरवर्षीचा क्रम होता. त्या मातीतून पाणी झिरपत नाही. पुढे ते घर उतरवले, तेव्हा धाब्याच्या ढिगाऱ्यातून मूठभर खापरे निघाली. त्यातले एक अजून माझ्या टेबलावर आहे: तीन बोटांएवढे, बाहेरून गडद तांबडे, त्यावर काळ्या रंगाच्या दोन समांतर रेघा आणि त्यांना टेकून तिरप्या रेघांची जाळी, आतल्या बाजूला चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटांनी उठवलेल्या बारीक वळ्या. नखाने वाजवले तर धातूसारखा टणक आवाज येतो. ते जोर्वे नावाच्या ताम्रपाषाणयुगीन मडक्यांच्या पद्धतीचे आहे एवढे मी सांगू शकतो. टेकाडाच्या कोणत्या भागातून, किती खोलीवरून, कशाच्या सोबत ते आले, हे मात्र त्या गाडीबरोबरच गेले.

खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे नेहमीच खरे असते का?

थर पडतात त्या क्रमाने हे खरे असते. थरांत सापडणाऱ्या वस्तूंबाबत मात्र ते गृहीत धरता येत नाही. माणूस राहतो तेथे खणतो. धान्याचे पेव, कचऱ्याचा खड्डा, घराचा पाया, खांबाची खळी, दफन या सर्वांमुळे वरच्या काळातली वस्तू खालच्या थरांत उतरते आणि खालची माती वर फेकली जाते. नव्या घरासाठी जुन्या भिंतीचे दगड उपसून नेले, तर त्या चरात नवी माती आणि नवी खापरे भरतात. उंदरांची बिळे आणि झाडांची मुळे हेही काम बिनबोभाट करतात. म्हणून उत्खनक खड्ड्याच्या तळाकडे कमी आणि त्याच्या उभ्या भिंतीकडे अधिक वेळ पाहतो. ती भिंत खुरपीने घासून सपाट करायची, हलके पाणी मारायचे, आणि मातीचा रंग, कण, राख, चुनखडी यांतला फरक पाहून थरांच्या कडा टाचणीने कोरून प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी लावायची, असे हे काम असते. पेवाचे तोंड कोणत्या थरातून कापले गेले आहे हे दिसले, म्हणजे आतल्या वस्तूंचा काळ त्या थराशी जोडता येतो, मग त्या कितीही खोल सापडल्या असोत.

आपल्याकडे एक अडचण आणखी आहे. खानदेशची काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळते. काही भेगांत हात कोपरापर्यंत जातो. वरचे खापर, मणी, लहानसे नाणे अशा भेगेत पडते, पावसात माती फुगून भेग मिटते, आणि वस्तू जणू तेथेच मुळापासून होती अशी दिसू लागते. शतकानुशतके ही उलथापालथ चालल्यावर काळ्या मातीतल्या वस्तूंच्या खोलीला फारसा अर्थ उरत नाही. पांढरीच्या मातीत हा दोष तुलनेने कमी असतो, म्हणून उत्खनने टेकाडावर होतात आणि शेतात सापडलेल्या खापरांवरून फक्त ‘आसपास वस्ती असावी’ इतकाच निष्कर्ष काढतात.

सोन्यानाण्यापेक्षा फुटक्या खापरांना एवढे महत्त्व का?

कारण मडके रोज फुटते, फुटले की कोणी जपून ठेवत नाही आणि भाजलेली माती कुजत नाही. सोने वितळवून पुन्हा घडवले जाते, खापर मात्र फुटले तेथेच राहते. शिवाय मडक्यांचे आकार, रंग, लेप आणि नक्षी पिढ्यांगणिक हळूहळू बदलतात, त्यामुळे त्यांचा क्रम लावता येतो. प्रकाशे येथे खालच्या थरांत माळवा पद्धतीची भांडी आली आणि त्यांच्यावर जोर्वे पद्धतीची आली. हा क्रम एकदा तेथे पक्का झाला की ज्या गावात उत्खनन झालेले नाही तेथल्या पृष्ठभागावरची खापरेही त्या क्रमात बसवता येतात.

मर्यादा अशी की मडक्याची पद्धत म्हणजे माणसांचा समूह नव्हे. कुंभार स्थलांतर करतो, बाजारात भांडी विकली जातात, सुना माहेरची घडण सासरी आणतात, आणि शेजारच्यांचे पाहून आपणही तशी नक्षी काढू लागतो. सावळद्याच्या भांड्यांवर बाणांची आणि अन्य हत्यारांची चित्रे आहेत. त्यावरून ते लोक लढवय्ये होते असे कोणी म्हणू लागले, तर ट्रकच्या मागे वाघ रंगवलेला पाहून चालकाला शिकारी ठरवण्यासारखे ते होईल. ‘सावळदा लोक’, ‘जोर्वे लोक’ असे आपण सोयीसाठी म्हणतो. ते स्वतःला काय म्हणवत होते हे मडक्यावर लिहिलेले नाही.

कार्बन-१४ पद्धतीने नेमके वर्ष कळते ना?

कळत नाही. या पद्धतीने वर्षांचा पट्टा कळतो, आणि तोही जिवंत होत्या अशाच वस्तूंचा: कोळसा, धान्य, हाड, शिंपला. सजीव मेला की त्याच्या शरीरात नवा कार्बन-१४ येणे थांबते आणि आत असलेला ५,७३० वर्षांत निम्मा या गतीने घटत जातो. उरलेल्या प्रमाणावरून मृत्यूला किती काळ लोटला हे काढतात. विलर्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली आणि त्यासाठी १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही.

प्रयोगशाळेचा आकडा ‘३५०० ± ५०’ असा येतो. त्याचा अर्थ, खरा आकडा ३४५० ते ३५५० यांच्या दरम्यान असण्याची शक्यता तीनात दोन, आणि तिसऱ्या वेळी तो त्याबाहेर. ही वर्षे १९५० पासून मागे मोजतात. पुढची अडचण अशी की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांवरून तयार केलेल्या आलेखाशी आकडा जुळवून घ्यावा लागतो, आणि हा आलेख सरळ नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो जवळजवळ सपाट आहे. त्या चार शतकांतल्या कोणत्याही दाण्याचे वय साधारण एकच येते. नेमका हाच काळ आपल्याकडे लोखंड रुळण्याचा आहे. प्रकाशे येथे पहिला कालखंड सुमारे इ.स.पू. १३०० ला संपतो आणि दुसरा, लोखंडाचा, सुमारे इ.स.पू. ७०० ला सुरू होतो असे थापरांनी मांडले. ही सहा शतकांची पोकळी भरून काढायची तर कार्बनचा आकडा एकट्याने पुरणार नाही.

नमुन्याचीही एक मेख आहे. घराच्या जळक्या तुळईचा कोळसा तपासला तर सागाचे ते लाकूड वाढले कधी हे कळते, घर जळाले कधी हे कळत नाही. सातपुड्यातल्या जुन्या सागाचा गाभा शंभर वर्षांचा असू शकतो, आणि चांगली तुळई एका घरातून दुसऱ्या घरात जाते हे खेड्यात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून आता शक्य तेथे जळके धान्य तपासतात, कारण त्याचे आयुष्य एका हंगामाचे.

दगडाच्या मूर्तीचे किंवा हत्याराचे वय कार्बनवरून काढता येते का?

नाही. दगड कधी जिवंत नव्हता. मूर्तीचे वय शैलीवरून, लेखावरून किंवा ती ज्या थरात होती त्यातल्या सेंद्रिय अवशेषांवरून ठरते. भाजलेल्या मातीसाठी तप्तदीप्ती नावाची वेगळी पद्धत आहे, तिच्यात मडके शेवटचे केव्हा तापले हे काढतात. तिच्या उत्तरातली चूक सहज शेकड्याला पाच ते दहा वर्षांची असते.

पाटण्याला शहामृगाच्या अंड्याचे कोरलेले कवच सापडले हे खरे का?

खरे आहे. चाळीसगावजवळच्या या स्थळी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि मणी मिळाले, आणि एका तुकड्यावर दोन रेघांच्या मध्ये फुल्याफुल्यांची नक्षी आहे. कवचाचे कार्बन वय सुमारे २५,००० वर्षे आले. ‘आपल्याकडे शहामृग कोठला?’ ही शंका स्वाभाविक आहे. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या संशोधकांनी भारतातील अशा कवचांतून प्राचीन डीएनए मिळवून तो शहामृगाचाच असल्याचे दाखवले, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

या तुकड्यातून पुराव्याच्या दोन मर्यादा स्पष्ट दिसतात. पहिली अशी की भारतात इतरत्र मिळालेल्या ‘कोरीव’ कवचांपैकी अनेकांवरच्या रेघा माणसाने काढलेल्या नसून निसर्गतः उमटल्या असाव्यात, असे पुढील तपासणीत अभ्यासकांनी दाखवून दिले. पाटण्याची आखीव नक्षी या शंकेतून तरते. दुसरी अशी की २५,००० वर्षे हे वय कवचाचे आहे, नक्षीचे नव्हे. अंडे घातले गेले आणि त्यावर कोणी कोरले, यांत किती काळ गेला हे कार्बन सांगत नाही. तेवढ्यासाठी त्याच थरातली दगडी पाती आणि मणी यांची साक्ष घ्यावी लागते. ती येथे उपलब्ध आहे, म्हणून या तुकड्याला एवढी किंमत.

शिलालेख आणि ताम्रपट तर स्वतःच बोलतात. त्यांवर शंका कशाला?

ते बोलतात, पण विचारले त्याचे उत्तर देतातच असे नाही. पाटणादेवीचा शिलालेख घ्या. १९व्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी होते, त्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०७ ला, त्याला दान दिले, असे त्यात आहे. लेख बहुतांशी संस्कृत आहे आणि दानाच्या तपशिलाचा शेवटचा भाग मराठीत आहे, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. वंशाची थोरवी संस्कृतात चालेल, पण कोणी काय द्यायचे हे लोकांना कळले पाहिजे.

यावरून ‘भास्कराचार्य पाटणचे’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. लेखातून सिद्ध होतो तो नातवाचा मठ. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, इ.स. १११४ चा, म्हणजे दान त्यानंतर ९३ वर्षांनी झाले. स्वतः भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे, आणि ते म्हणजे पाटणच की विजापूर की आणखी कोठले याविषयी मतभेद आहेत. मीही खानदेशी असल्याने माझा कल कोणीकडे आहे हे सांगायला नको, पण माझा कल हा पुरावा नाही.

दुसरे उदाहरण शिरपूरच्या ताम्रपटाचे. महाराज रुद्रदास याच्या या दानपत्रात वर्षाचा आकडा आहे, पण तो कोणत्या संवताचा हे लिहिलेले नाही. गुप्त संवत इ.स. ३१९ च्या सुमारास सुरू होतो आणि कलचुरी-चेदी संवत २४८-४९ ला. वा. वि. मिराशी यांनी दुसरा मानला, इतरांनी पहिला. एवढ्यावरून राजा ७० वर्षे अलीकडे किंवा पलीकडे सरकतो. पत्रा अस्सल, आकडा स्पष्ट, तरी काळ वादग्रस्त.

संवत नसेल तर अक्षरवटिकेवरून, म्हणजे अक्षरांच्या वळणांवरून, काळ ठरवतात, आणि तेथे अर्ध्या-पाऊण शतकाची चूक सहज होते, कारण म्हातारा लेखनिक तरुणपणीची वळणे सोडत नाही. शिवाय लेख दात्यांचे असतात. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या गंधी व्यापाऱ्याचे आणि राजवैद्याचे नाव आहे, ते खर्च करणाऱ्यांचे. तेथेच सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर मात्र ‘कण्हदास सोनाराने केली’ अशा अर्थाचा लेख कोरला आहे. कारागिराचे नाव इतक्या जुन्या काळातून असे क्वचितच हाती लागते. बाकी हजारो हात निनावी गेले.

एखाद्या राजाचे नाणे सापडले म्हणजे तेथे त्याचे राज्य होते का?

नाणे व्यापाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या कसनीतून हिंडते, त्यामुळे राज्य सिद्ध होत नाही. नाण्याने एक गोष्ट पक्की होते: ज्या थरात ते दबले आहे तो थर नाणे पाडण्याच्या आधीचा असू शकत नाही. नंतर किती, हे ते सांगत नाही. क्वचित नाणी एखादी घटना थेट दाखवतात. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या संचयात क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. एकाची सत्ता मोडून दुसरा आला हे याहून ठसठशीत कोण सांगणार!

एखादी गोष्ट सापडली नाही म्हणजे ती नव्हतीच का?

आधी ती टिकणारी होती का हे पाहावे लागते. आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या घराचा विचार करा: केळीच्या पानावरचे जेवण, कापसाची गादी, बाज, बांबूची टोपली, सुताची दोरी, भरीत भाजायला काड्यांचा जाळ. तीन हजार वर्षांनी यातले काय उरेल? बहुधा पाटा-वरवंटा, काचेच्या बांगडीचा तुकडा आणि फरशी. ताम्रपाषाणयुगीन घरांचेही असेच झाले. कूड, गवत, चामडे, सूत सर्व गेले; उरले ते जमिनीचे चोपलेले थर, खांबांच्या खळ्या आणि चुली. कधी अपघाताने काही वाचते. नेवासे येथील एका दफनात तांब्याच्या मण्यांच्या माळेतला धागा टिकून राहिला, कारण तांब्याच्या गंजामुळे जंतूंना तो खाता आला नाही. तो एक दोरा मिळाला नसता, तर त्या लोकांच्या सूतकामाविषयी आपण फक्त चात्यांवरून अंदाज केला असता.

याउलट, जे टिकायलाच हवे होते ते भरपूर खणूनही मिळाले नाही, तर त्या अभावाला वजन येते. ताम्रपाषाणयुगाच्या थरांत लोखंड न मिळणे हा असा अभाव आहे.

शेतकऱ्याला मिळालेली वस्तू आणि उत्खननात मिळालेली वस्तू यांत एवढा फरक का करतात?

दायमाबादचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल गावकऱ्याला चार ओतीव शिल्पे मिळाली: बैलजोडीचा रथ व त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या तोडीची धातुशिल्पे त्या काळच्या भारतात दुसरीकडे नाहीत. पण ती कोणत्या थरातून आली हे पाहायला तेव्हा कोणी नव्हते. नंतर साळींनी त्या स्थळाचे पद्धतशीर उत्खनन केले आणि शिल्पे उत्तर-हडप्पा काळाची, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्याची, मानली. धर्मपाल अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे, ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसे आढळत नाही, या कारणाने ती बरीच नंतरची असावीत असे म्हटले. दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. मुळाच्या भोवतीची वीतभर माती तशीच राहिली असती, तर हा वाद कदाचित एका दुपारी मिटला असता. यात त्या गावकऱ्याचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. त्याच्यामुळेच ती शिल्पे जगाला दिसली.

आमच्या गावचे देऊळ हेमाडपंती आहे. म्हणजे ते हेमाडपंताने बांधले?

बहुधा नाही. चुन्याशिवाय घडीव दगड बसवलेल्या कोणत्याही जुन्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, १३व्या शतकात यादवांकडे होता. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ चा, इ.स. १०६० चा आहे, म्हणजे त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा, तरी तेही हेमाडपंतीच म्हणवले जाते. आपल्या साक्री तालुक्यातील बळसाण्याची देवळेही याच नावाने ओळखली जातात. या शब्दाने बांधणी कळते, बांधणारा कळत नाही.

ते प्राचीन लोक कोण होते? आपण त्यांचेच वंशज का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत कमी देता येते. लिपी नसलेल्या लोकांची भाषा खापरांतून ऐकू येत नाही. जात, कुळी, देवाचे नाव यांचेही तसेच. डीएनएवर आता फार भिस्त ठेवली जाते, पण उष्ण हवामानात हाडांतला डीएनए लवकर नासतो. हरियाणातील राखीगढीच्या सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, तेव्हा अभ्यासण्याजोगा डीएनए फक्त एका व्यक्तीचा मिळाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका व्यक्तीवरून तिच्या पूर्वजांविषयी बरेच कळते, संपूर्ण समाजाविषयी बेताचेच. त्यातून आजच्या एखाद्या समाजाचा सातबारा काढू पाहणाऱ्यांपासून दूर राहावे.

उपग्रह आणि रडार असताना खणायची गरज काय?

उपग्रहाच्या छायाचित्रांतून टेकाडे आणि बुजलेले नदीपात्र दिसते, वय दिसत नाही. जमिनीत शिरणाऱ्या रडारच्या लहरी ओल्या चिकणमातीत चटकन विरतात, त्यामुळे राजस्थानच्या वाळूत उपयोगी पडणारे ते यंत्र आपल्या काळ्या जमिनीत फार खोल पाहू शकत नाही.

मग संपूर्ण टेकाड एकदाच खणून का टाकत नाहीत?

उत्खनन म्हणजे एकच प्रत असलेली पोथी वाचता वाचता पान फाडत जाणे. काढलेला थर पुन्हा बसवता येत नाही. उरते ती वही, नकाशे आणि छायाचित्रे. म्हणून टेकाडाचा बराच भाग मुद्दाम राखून ठेवतात, पुढच्या पिढीकडे अधिक चांगली साधने असतील या हिशेबाने. १९५५ मध्ये प्रकाशे खणले तेव्हा माती पाण्यात कालवून तरंगणारे जळके दाणे वेगळे करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ नव्हती, त्यामुळे कितीतरी दाणे बाहेर फेकलेल्या मातीच्या ढिगात गेले असतील.

लहान खड्ड्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. अरुंद आणि खोल खड्ड्यातून कालक्रम कळतो, गाव कळत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात आडवे, विस्तृत उत्खनन केले, शंभराहून अधिक घरे उघडी पडली, आणि तेव्हाच घरांची मांडणी आणि जमिनीखाली दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून पुरलेली मुले यांचा अर्थ लावता आला. प्रकाशे किंवा बहाळ येथे तसे काम झालेले नाही, आणि प्रकाशे येथे तर जिवंत गाव टेकाडावर नांदते आहे. लोकांना उठवून खणणे कोणालाच मान्य होणार नाही.

नांगरताना काही सापडले तर काय करावे?

आधी हात आवरावा. वस्तू धुऊ नये, घासू नये, शेंदूर लावू नये. मातीच्या चिकटलेल्या कणांतूनच पुष्कळदा काम होते. मोबाइलवर तीन छायाचित्रे घ्यावीत: एक जवळून, शेजारी पेन किंवा काडेपेटी ठेवून, एक खड्ड्याचे, आणि एक लांबून, ज्यात विहीर, बांध किंवा ओळखीचे झाड येईल. गट क्रमांक, खोली आणि तारीख कागदावर लिहावी. दहा रुपयांहून अधिक किमतीचा दडलेला ठेवा मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तहसीलदाराकडे लेखी अर्ज देऊन पोच घेतली तर वर पाठवणे सोपे जाते. खापरेच असतील आणि ती पुष्कळ असतील, तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या १९२७ पासून चालत आलेल्या संस्थेत किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात छायाचित्रे दाखवावीत. खापरे तोपर्यंत बांधावर न रचता जेथे होती तेथेच पडू द्यावीत, आणि त्या तासावरून नांगर थोडा वळवून न्यावा.